टेक्सासचे ‘फुकट’ विधानभवन

१८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या विधानभवनात एका लोकप्रतिनिधीने मुक्काम केला. फोर्ट वर्थच्या आमदार निकोल कोलिअर यांनी हा मुक्काम हौसेने केला नव्हता. प्रतिनिधीगृहाच्या सभापतींनी अट घातली होती की, राज्य सोडून गेलेल्या आणि नुकत्याच परतलेल्या डेमोक्रॅट सदस्यांना सभागृहाबाहेर पाऊल टाकायचे असेल, तर त्यांनी आपल्या मागे चोवीस तास पोलीस राहतील अशा मजकुराच्या कागदावर सही करावी. श्रीमती कोलिअर यांनी सही नाकारली. मग त्यांना सभागृह सोडता येईना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या काही सहकाऱ्यांनी आपापले सही केलेले कागद फाडले आणि तेही त्यांच्या सोबतीला राहिले. लोकसभेसारख्या राष्ट्रीय प्रतिनिधीगृहासाठी राज्यातील मतदारसंघांची नव्याने आखणी करण्याचा ठराव त्या आठवड्यात संमत व्हायचा होता, आणि त्यासाठी सभागृहात माणसे मोजून हजर असणे आवश्यक होते.

ज्या वास्तूत हा प्रकार घडला ती वास्तू पाहण्यासाठी एरवी तिकीट लागत नाही. वर्षातील मोजके सण सोडले तर सातही दिवस ती उघडी असते. ऑस्टिनला संगणक कंपन्यांत काम करणाऱ्या मुलामुलींकडे गेलेले पुण्या-मुंबईचे आईवडील पहिल्या आठवड्यातच तेथे नेले जातात, घुमटाखाली उभे राहून छायाचित्र काढतात आणि मार्गदर्शकाचे बोलणे अर्धेमुर्धे ऐकून परततात. परवानाधारक नागरिकाला तर तेथे पिस्तूल बाळगूनही प्रवेश मिळतो. अशा खुल्या घरात नागरिक मोकळा आणि त्याचा प्रतिनिधी अडकलेला, असे दृश्य त्या दोन रात्री दिसले. ही केवळ एका पक्षाची दांडगाई म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. हे भवन कसे उभे राहिले, त्याची किंमत कोणी दिली आणि ते ज्या राज्यघटनेच्या आज्ञेने उभे राहिले तिने आणखी काय लिहून ठेवले होते, हे पाहिल्याशिवाय २०२५ च्या त्या प्रसंगाचा अर्थ पुरता लागत नाही.

प्रथम वास्तूविषयी. काँग्रेस अ‍ॅव्हेन्यू या रुंद रस्त्याच्या उत्तर टोकाला, किंचित चढावर, ती उभी आहे. बाहेरून सारा दगड तांबूस गुलाबी ग्रॅनाइटचा. मावळतीच्या उन्हात तो अधिकच लाल दिसतो. लांबी ५६६ फूट, रुंदी २८८ फूट, उंची तीनशे फुटांवर, म्हणजे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संसदभवनाहून सुमारे चौदा फूट अधिक. आणि हे चौदा फूट टेक्सासचा माणूस पाहुण्याला सांगितल्याशिवाय राहत नाही. ३९२ खोल्या, ४०४ दरवाजे, ९२४ खिडक्या. दारांच्या बिजागऱ्यांवरसुद्धा भवनाचे नाव कोरलेले आहे. घुमटाखालच्या वर्तुळाकार दालनाच्या जमिनीवर सहा राजमुद्रा बसवलेल्या आहेत: स्पेन, फ्रान्स, मेक्सिको, स्वतंत्र टेक्सास प्रजासत्ताक, गुलामगिरीच्या रक्षणासाठी फुटून निघालेली दक्षिणेकडील संघराज्ये आणि अमेरिका. या भूमीवर सहा सत्तांचे ध्वज फडकले याचा हा अभिमान १९३६ मध्ये, स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त, फरशीत उतरवला गेला. घुमटावरची स्वातंत्र्यदेवता जवळून पाहिली तर चेहऱ्याने ओबडधोबड आहे. तीनशे फुटांवरून पाहायची मूर्ती म्हणून कारागिरांनी नाकडोळे मुद्दाम ठळक केले होते. जस्ताची ती मूळ मूर्ती आता संग्रहालयात आहे आणि १९८६ पासून वर उभी आहे ती अ‍ॅल्युमिनियमची.

हे सर्व पाहून झाल्यावर प्रवाशाला हमखास सांगितली जाणारी एक गोष्ट अशी की, एवढे भव्य भवन बांधताना राज्याने रोख पैसा जवळजवळ खर्चच केला नाही. जमीन देऊन भवन घेतले. ऐकणारा कौतुकाने मान डोलावतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र याच ठिकाणी थांबावे.

तीस लाख एकरांचा सौदा

१८४५ मध्ये टेक्सास अमेरिकेत सामील झाले तेव्हा त्याने एक गोष्ट आपल्याकडे राखून ठेवली. पश्चिमेकडील इतर राज्यांतील पडीक जमीन केंद्र सरकारच्या मालकीची होती. टेक्सासची मात्र टेक्सासकडेच राहिली. त्यामुळे तिजोरीत खडखडाट आणि नकाशावर अमाप जमीन, अशी या राज्याची अवस्था होती. रेल्वे हवी, द्या जमीन. सैनिकांना बक्षीस हवे, द्या जमीन. शाळा हव्या, त्यांच्या नावे जमीन. १८७६ च्या राज्यघटनेने याच रीतीने नव्या विधानभवनासाठी तीस लाख एकर जमीन बाजूला काढली. मराठी वाचकाला अंदाज यावा म्हणून सांगायचे तर हे क्षेत्र सुमारे बारा हजार चौरस किलोमीटर भरते. सातारा जिल्हा त्याहून लहान आहे आणि गोवा त्यात तीन वेळा मावेल.

९ नोव्हेंबर १८८१ रोजी चुनखडीचे जुने भवन आगीत भस्मसात झाले आणि घाई वाढली. डेट्रॉइटचे वास्तुविशारद एलिजा मायर्स यांचा आराखडा निवडला गेला. मिशिगन आणि कोलोरॅडो या राज्यांची विधानभवनेही त्यांच्याच हातची. कंत्राट फिरत फिरत शिकागोच्या एका भांडवलदार मंडळीकडे गेले. अ‍ॅबनर टेलर आणि फार्वेल बंधू हे तिचे प्रमुख होते. भवन बांधून द्यायचे आणि मोबदल्यात राज्याच्या वायव्य टोकाची तीस लाख एकर जमीन घ्यायची, असा करार झाला. १ फेब्रुवारी १८८२ रोजी पहिली कुदळ पडली आणि मे १८८८ मध्ये भवनाचे समारंभपूर्वक लोकार्पण झाले. त्या समारंभात छप्पर गळत असल्याचे आढळले, आणि राज्याने भवन रीतसर ताब्यात घेतले ते वर्षअखेरीस. कंत्राटी कामाची ही परंपरा कोणत्याही एका देशाची मिरास नाही, एवढाच दिलासा भारतीय वाचकाने घ्यावा.

आता हिशेब पाहू. १८७९ च्या कायद्याने टेक्सास आपली सार्वजनिक जमीन एकरी पन्नास सेंटला विकत होते. त्या दराने तीस लाख एकरांची किंमत पंधरा लाख डॉलर होते. भवनाचा एकूण खर्च सदतीस लाख डॉलरच्या आसपास गेला आणि त्यातला पाचेक लाखांचाच भार राज्यावर पडला. म्हणजे कंत्राटदारांना जमीन एकरी एक डॉलरहून अधिक भावाने पडली. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या दिवसाच्या बाजारभावाने राज्य ठकले नाही. ठकले असतील तर कंत्राटदारच. या जमिनीवर त्यांनी एक्स-आय-टी नावाचे गुरांचे प्रचंड कुरण उभारले, भरभराटीच्या काळात दीड लाखांवर गुरे पाळली, शेकडो मैल काटेरी तार ओढली आणि भांडवलासाठी १८८५ मध्ये लंडनला कंपनी काढून कर्जरोखे विकले. तिच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते ट्वीडेलचे मार्क्विस, ज्यांचे वडील मद्रासचे गव्हर्नर होते आणि जे स्वतः बंगालच्या मुलकी सेवेत नोकरी करून गेले होते. हिंदुस्थानच्या चाकरीवर पोसलेल्या घराण्याचे नाव टेक्सासच्या गुरांच्या धंद्याला पत मिळवून देते, हे एकोणिसाव्या शतकातील भांडवलाचे खरे भूगोलज्ञान. तथापि दुष्काळ, कडाक्याची थंडी, गुरेचोर आणि कोसळलेले भाव यांमुळे कुरणाने फारसा नफा कधी पाहिला नाही. १९१२ मध्ये शेवटची गुरे विकली गेली. जमिनीचे तुकडे पाडून ती शेतकऱ्यांना विकण्याचे काम आधीच सुरू झाले होते. शेवटचा तुकडा विकला गेला तो १९६३ मध्ये.

मग राज्याचे चुकले कोठे? चुकले ते ‘फुकट’ या शब्दात. एखादी वस्तू पैसे न मोजता मिळाली म्हणजे तिची किंमत पडली नाही, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः तिची किंमत म्हणजे तिच्यासाठी जे सोडले ते. या वैकल्पिक खर्चाची कल्पना पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवली जाते आणि सरकारे ती पहिल्या अंदाजपत्रकात विसरतात. टेक्सासच्या बाबतीत तर सोडले काय हे दाखवणारा जिवंत दाखला त्याच घटनेत आहे. १८७६ च्या त्याच घटनेने राज्य विद्यापीठाला दहा लाख एकर जमीन दिली, तीही आधी देऊ केलेली चांगली जमीन काढून घेऊन पश्चिमेकडची, जेथे गवतही धड उगवत नव्हते अशी. १८८३ मध्ये तिच्यात आणखी दहा लाख एकरांची भर पडली. विद्यापीठाची ही चेष्टाच होती. पण विद्यापीठाने ती जमीन विकली नाही. फारसे कोणी घेणारे नव्हते हेही कारण असेल. २८ मे १९२३ रोजी तिच्यावरील सांता रीता नावाच्या विहिरीतून तेल उसळले. आज त्या जमिनीच्या उत्पन्नातून उभा राहिलेला कायमनिधी तीस अब्ज डॉलरहून अधिक आहे आणि टेक्सासच्या दोन मोठ्या विद्यापीठ-समूहांचा तो आधार आहे.

दोन्ही जमिनी एकाच गुणाच्या होत्या असे नव्हे, आणि विधानभवनाची जमीन ठेवली असती तर तीतूनही तेल उसळलेच असते असे म्हणणे हे इतिहासाशी मांडलेले जुगाराचे गणित होईल. पण त्या जमिनीच्या मोठ्या भागाखाली ओगलाला नावाचा भूजलाचा अफाट साठा होता. १८८२ मध्ये त्याची किंमत कोणी धरली नव्हती; पुढे विसाव्या शतकात पंप आले आणि त्याच पाण्यावर गहू, कापूस व गुरांचा व्यापार फोफावला. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे. उपसा इतका झाला की पाण्याची पातळी आता खोल खोल जात आहे, आणि तिच्यावर नियंत्रण कसे ठेवावे हा त्या भागातला कळीचा प्रश्न आहे. त्या दिवशीचा भाव बरोबर होता. फक्त पुढच्या पिढ्यांच्या वतीने बोली लावायला त्या लिलावात कोणी उभे नव्हते. १८९८ साल उजाडेपर्यंत तर टेक्सासकडे वाटण्यासाठी मोकळी जमीनच उरली नाही, असे न्यायालयाला सांगावे लागले.

दगड आणि माणसे

जमीन फुकट, तसाच दगडही फुकट. आधी ऑस्टिनजवळची चुनखडी वापरायचे ठरले होते. पण तिच्यातील लोहांशामुळे उघड्यावर तांबेरलेले डाग पडू लागले. कंत्राटदारांना दूरच्या इंडियाना राज्यातील चुनखडी आणायची होती. गव्हर्नर आयर्लंड हटून बसले की दगड टेक्सासचाच पाहिजे. बर्नेट परगण्यातील एका ग्रॅनाइटच्या डोंगराच्या मालकांनी दगड विनामूल्य देऊ केला. पण ग्रॅनाइट म्हणजे कठीण काम, खर्च वाढणार. तोडगा निघाला तो असा की, राज्याने आपल्या तुरुंगांतील शेकडो कैदी खाणीवर आणि खाणीपर्यंतच्या रेल्वेमार्गावर द्यावे, आणि कंत्राटदाराने त्यांच्या दिवसाच्या श्रमाबद्दल राज्याला माणशी डॉलरभराहूनही कमी रक्कम द्यावी. कैद्याच्या हाती काहीच पडायचे नव्हते. गुलामगिरी कायद्याने संपून वीस वर्षे झाली होती, आणि दक्षिणेतील तुरुंगांत भरलेल्या माणसांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण पाहिले म्हणजे संपले काय आणि नाव कोणते बदलले हे कळते.

ग्रॅनाइट घडवणाऱ्या पाथरवटांच्या राष्ट्रीय संघटनेने या कामावर बहिष्कार टाकला. वेठीच्या श्रमाशी मजुरीची स्पर्धा होऊ शकत नाही, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही. बहिष्कार मोडण्यासाठी पोटकंत्राटदाराने स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनहून साठावर पाथरवट करार करून आणवले. परदेशी मजूर असे करारावर आणण्यास १८८५ च्या केंद्रीय कायद्याने नुकतीच बंदी केली होती. खटला झाला, १८८९ मध्ये चौसष्ट हजार डॉलर दंड ठरला आणि पुढे राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्या कृपेने तो आठ हजारांवर आला. ज्या भवनात कायदे करायचे ते भवन कायदा मोडून उभे राहिले, ही टीका तेव्हाही झाली असेल. पण दंडाची रक्कम पाहता कायदा मोडणे किफायतशीर ठरले, हा भाग अधिक बोलका आहे.

भिंतींवर काय लावावे आणि काय काढावे याचा वाद मात्र अलीकडे झाला. दक्षिणेच्या बंडाचा गुलामगिरीशी संबंध नव्हता, असे सांगणारा एक फलक १९५९ मध्ये भवनात बसवण्यात आला होता. तो खोटे सांगतो हे इतिहासाच्या कोणत्याही अभ्यासकाला ठाऊक होते. तरी तो साठ वर्षे तेथे राहिला आणि जानेवारी २०१९ मध्ये उतरवला गेला.

अविश्वासाची घटना

हे भवन देणारी १८७६ ची घटना कोणत्या मनःस्थितीत लिहिली गेली, हे २०२५ च्या प्रसंगासाठी महत्त्वाचे आहे. यादवी युद्धानंतर उत्तरेच्या पाठिंब्याने आलेले गव्हर्नर एडमंड डेव्हिस यांचे सरकार टेक्सासच्या गोऱ्या जमीनदारांना डोळ्यांसमोर नको होते. जानेवारी १८७४ मध्ये, निवडणूक हरल्यावरही, डेव्हिस यांनी पद सोडायला नकार दिला. जुन्या विधानभवनात खालच्या मजल्यावर डेव्हिस आणि त्यांचे सशस्त्र पहारेकरी, वरच्या मजल्यावर नवे विधिमंडळ आणि नवे गव्हर्नर कोक, असा विलक्षण देखावा काही दिवस चालला. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सैन्य पाठवायला नकार दिला तेव्हा डेव्हिस बाहेर पडले. या अनुभवातून आलेल्या माणसांनी जी घटना लिहिली तिचा प्राण एकच होता: सरकारवर भरवसा ठेवायचा नाही. गव्हर्नरचे हात बांधले, पगार तोडले, विधिमंडळाने दोन वर्षांतून एकदा भरावे असे ठरवले. काटकसर इतकी की घटनासमितीने कामकाज टिपून घ्यायला लघुलेखक ठेवण्याचा खर्चही नाकारला. टेक्सासच्या आमदाराला आजही महिना सहाशे डॉलर वेतन मिळते. हा आकडा १९७५ मध्ये ठरला आणि भाववाढीने त्याचे काय केले हे सांगायला नको. अशा वेतनात वकील, जमीनदार, विमावाले आणि निवृत्त माणसेच आमदार होऊ शकतात. शिक्षक किंवा कारकून होणे अवघड. स्वस्त विधिमंडळाचीही किंमत कोणीतरी देतेच.

याच घटनेत गणपूर्तीचा नियम आहे. सभागृहाचे काम चालायला दोन-तृतीयांश सदस्य हजर हवेत. म्हणजे प्रतिनिधीगृहाच्या १५० पैकी १०० आणि सिनेटच्या ३१ पैकी २१. भारताच्या लोकसभेत एक-दशांश सदस्य पुरतात आणि राज्यांच्या विधानसभांत दहा किंवा एक-दशांश, यांतील जी संख्या मोठी असेल ती. आपल्याकडे गणपूर्तीची घंटा ही बहुधा औपचारिकता असते; टेक्सासात ती अल्पमताच्या हातातील शेवटची किल्ली आहे. बहुमतवाल्यांना ५१ जणांची गैरहजेरी परवडत नाही. म्हणून १९७९ मध्ये बारा सिनेटर ऑस्टिनमध्येच एका गॅरेजलगतच्या खोलीत लपून बसले होते. २००३ मध्ये आमदार शेजारच्या ओक्लाहोमातील आर्डमोरला आणि नंतर सिनेटर न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीला गेले; २०२१ मध्ये वॉशिंग्टनला. मतदारसंघांची आखणी दहा वर्षांच्या जनगणनेची वाट न पाहता मध्येच करण्याचा प्रश्न २००३ मध्येही होता. २००६ मध्ये केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी मधली आखणी घटनेने निषिद्ध नाही. आणि २०१९ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटले की पक्षाच्या फायद्यासाठी केलेल्या आखणीत केंद्रीय न्यायालये हात घालणार नाहीत. या दोन निकालांनी दार मोकळे करून दिले.

२०२५ च्या जुलैत मध्य टेक्सासमध्ये आलेल्या भीषण पुरात शंभरावर माणसे दगावली होती. गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी २१ जुलैपासून बोलावलेल्या विशेष अधिवेशनाच्या विषयपत्रिकेवर पुराचा विषय होता. आणि त्याच पत्रिकेवर मतदारसंघांच्या फेरआखणीचाही. टेक्सासच्या ३८ राष्ट्रीय जागांपैकी २५ रिपब्लिकनांकडे होत्या. आणखी पाच मिळाव्यात अशी व्यवस्था नव्या नकाशात होती, आणि ही इच्छा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी लपवलेली नव्हती. ३ ऑगस्टला पन्नासहून अधिक डेमोक्रॅट आमदार इलिनॉय, न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्सकडे रवाना झाले. दिवसाला पाचशे डॉलर दंड, अटकेचे वॉरंट, पद रद्द करण्याचे अर्ज, असे सर्व उपाय झाले. पहिले अधिवेशन मोडले, दुसरे लगेच बोलावले गेले आणि १८ ऑगस्टला मंडळी परतली. २० ऑगस्टला प्रतिनिधीगृहाने ८८ विरुद्ध ५२ मतांनी नकाशा संमत केला. २९ ऑगस्टला गव्हर्नरची सही झाली. नोव्हेंबरात एल पासो येथील तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोघांच्या बहुमताने हा नकाशा वंशभेदावर आधारलेला ठरवून रोखला. ४ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती देऊन २०२६ च्या निवडणुकीसाठी नकाशा वापरू दिला.

डेमोक्रॅट मंडळींना हुतात्म्यांच्या पंक्तीत बसवण्याचे कारण नाही. ज्या इलिनॉयने त्यांना आसरा दिला त्याचाच नकाशा डेमोक्रॅटांनी असा आखला आहे की रिपब्लिकन मतदाराने त्यात आपले घर शोधत राहावे. टेक्सासला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारांचा कौल घेऊन आपलाही नकाशा डेमोक्रॅटांच्या सोयीने बदलला. एकाने केले म्हणून दुसऱ्याने, या न्यायाला शेवट नसतो. आपल्याकडे मतदारसंघांच्या सीमा विधिमंडळ आखत नाही, परिसीमन आयोग आखतो. त्या आयोगाविषयीही तक्रारी असतात; पण आपली जागा आपणच आखण्याचा अधिकार आमदाराच्या हाती नाही, एवढे अंतर मोठे आहे.

टेक्सासच्या नकाशाची अडचण पक्षीय नफ्यापुरती नाही. २०१० ते २०२० या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे चाळीस लाखांनी वाढली आणि त्या वाढीत पंचाण्णव टक्के वाटा हिस्पॅनिक, कृष्णवर्णीय, आशियाई व अन्य अ-श्वेत रहिवाशांचा होता. भारतीयही त्यांत आले; ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टनच्या उपनगरांतील मराठी मंडळांचे सभासदही त्यांत आले. या वाढीमुळेच राज्याला राष्ट्रीय सभागृहात दोन जागा अधिक मिळाल्या. माणसांच्या संख्येने आणलेली मिळकत कोणाच्या नावावर चढवायची, असा हा व्यवहार आहे. रेषा ओढायला खर्च येत नाही. बहुमताला ती फुकट पडते, जशी १८८२ मध्ये जमीन फुकट पडली होती आणि कैद्याचे श्रम फुकट पडले होते. खर्च येतो तो दुसऱ्याच्या खात्यावर, आणि ज्याच्या खात्यावर येतो तो टेबलापाशी बसलेला नसतो. दोन-तृतीयांश गणपूर्तीचा नियम हा त्या टेबलापाशी एक खुर्ची राखून ठेवण्याचा ओबडधोबड उपाय होता. तो गैरसोयीचा आहे, त्याचा दुरुपयोगही होतो; पण ऑगस्टमध्ये त्यावर शोधलेला इलाज, म्हणजे सदस्यामागे पोलीस लावून हजेरी वसूल करणे, हा नियम न बदलता त्याचा अर्थ काढून घेण्याचा प्रकार होता. हजेरी ही संमतीची खूण असते म्हणून तिला मोल असते. सक्तीने घेतलेल्या हजेरीने संख्या तेवढी भरते.

रेषांच्या बाबतीत टेक्सासचा एक जुना अनुभव आहे. १८५९ मध्ये राज्याची पश्चिम सीमा मोजणाऱ्याने रेषा दोन ते चार मैल पश्चिमेला सरकवून ठेवली. या चुकीने मिळालेल्या पट्ट्यातील बरीच जमीन पुढे विधानभवनाच्या मोबदल्यात दिलेल्या कुरणात गेली. न्यू मेक्सिकोने आक्षेप घेतला. १९११ मध्ये वॉशिंग्टनच्या संसदेने चुकीची रेषाच खरी म्हणून कायम केली, कारण तोवर तिच्यावर मालकी हक्क, कुंपणे आणि कर्जरोखे उभे राहिले होते. चुकीच्या रेषेवर एकदा हितसंबंध उभे राहिले की ती पुसणे कठीण जाते. नव्या नकाशावर निवडून येणारे सदस्यच उद्या त्याचे सर्वांत कडवे रक्षक असतील.

भवनात जाणाऱ्याने घुमटाखालच्या भिंतींवरील तसबिरी जरूर पाहाव्यात. स्वतंत्र टेक्सासचे अध्यक्ष आणि त्यानंतरचे सर्व गव्हर्नर तेथे ओळीने लावलेले आहेत. नव्या गव्हर्नरची तसबीर आली की बाकीच्या सर्व एकेक जागा पुढे सरकवतात. अलीकडचा गव्हर्नर तळमजल्यावर, जुने वरच्या सज्जांवर. पद सोडायला तयार नसलेल्या एडमंड डेव्हिस यांनाही या ओळीत जागा आहे, आणि त्यांना घालवून आलेल्या कोक यांनाही.